इंटरव्हलपर्यंत

सिनेमाचं एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका उमटायचा. डोळा मिटून उघडावा, एवढाच वेळ. मग सात-आठ सेकंदांनी दुसरा, आणि त्याबरोबर रीळ बदलायचं. पहिला ठिपका ऑपरेटरला दुसरं मशीन चालू करायला सांगायचा आणि दुसरा पडदा त्या मशीनकडे सोपवायला. भरलेल्या हॉलसमोर ठिपका येऊन जायचा आणि कुणालाच दिसत नसे, कारण सगळे माणसांच्या तोंडांकडे बघत असत. मला तो कॉलेजात असताना पहिल्यांदा दिसला आणि त्यानंतर प्रत्येक सिनेमात दिसू लागला.

त्या शुक्रवारी कोल्हापुरात तीनच्या खेळाला मी ठिपक्यांवरून हिशेब करत होते, की इंटरव्हलला किती अवकाश आहे. शेजारी श्रेणिक मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघत होता.

"इंटरव्हल झालं की निघू," तो म्हणाला.

"अजून अर्धा बाकी आहे."

"कळलं की पुढचं. ही सासूला जिंकणार, सासू रडणार, मग सगळे मिळून फोटो काढणार. कॅसेटचा आहे हा."

'कॅसेटचा' हा आमच्या कॉलनीतला शब्द. आम्ही राहत होतो ती एका साखर कारखान्याची कॉलनी, कोल्हापूरपासून तासाभरावर, चहूकडे ऊस. नोव्हेंबर ते एप्रिल कारखाना रात्रंदिवस चालायचा आणि कुणाला दुसरं काही सुचत नसे. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मे महिन्यात दर रविवारी कारखान्याची बस कॉलनीतल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं यांना सिनेमाला घेऊन जायची. बस एकाच सिनेमाला जायची, म्हणून कुठला सिनेमा थेटरात जाऊन बघण्याच्या लायकीचा, ते आधी ठरवावं लागे. लायकीचा तो 'थेटरचा'. बाकीचे 'कॅसेटचे', म्हणजे पावसाळ्यात कधीतरी क्लबातल्या टीव्हीवर व्हिडिओ लावून बघायचे. हे ठरवायला क्लबचा सेक्रेटरी शुक्रवारी जीपने कोल्हापूरला जायचा. त्याला सगळे 'नमुना बघणं' म्हणत.

सेक्रेटरी श्रेणिक होता. श्रेणिक मगदूम, डेप्युटी चीफ केमिस्ट, माझा नवरा. मी त्याच प्रयोगशाळेत केमिस्ट होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन उन्हाळे मी त्याच्याबरोबर नमुना बघायला जात होते. त्यातला एकही सिनेमा मी पूर्ण बघितला नव्हता.

इंटरव्हलचे दिवे लागले. लोक समोशांकडे धावले आणि आम्ही बाहेरच्या दाराकडे. राग आला की मी गप्प होते. श्रेणिकला ते माहीत होतं आणि ते त्याच्या सोयीचं होतं. जीप तापली होती. स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकून त्यानं ती गावाबाहेर काढली आणि मग म्हणाला, "रागावलीस काय?"

"अर्धाच बघून मत कसं देता?"

"आपण दिवसभर लॅबमध्ये काय करतो? टाकीतली मळी तपासायला अख्खी टाकी प्यायची असते काय?"

"टाकीचा नमुना तीन जागांवरून घेतात. वरून, मधून आणि तळातून. नव्या मुलांना तुम्हीच शिकवता."

तो मोठ्यानं हसला. श्रेणिक हसायचा छान. "मग हा वरचा झाला की. तळात काय असतंय? गाळ."

लोकांना तो आवडायचा. तो बोलायला लागला की माणसं कामं टाकून ऐकायची. मलाही तो आधी त्याचसाठी आवडला होता, हे इथे सांगून टाकते.

"सोमवारी पुण्याला कळवायचंय," मी म्हणाले.

तो पुढच्या ट्रॅक्टरला हॉर्न देत राहिला.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी मार्चमध्ये मुलाखत देऊन आले होते. उसाचा रस काढल्यापासून उकळेपर्यंतच्या वेळात साखर कशी नासते, यावरचं काम होतं. लग्नाआधी मी जिथे सोडलं होतं, तिथूनच पुढे. एप्रिलमध्ये निवड झाल्याचं कळलं. सोमवारपर्यंत होय किंवा नाही सांगायचं होतं. होय म्हटलं तर जूनच्या मध्यावर रुजू व्हायचं होतं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि तशी जागा पुन्हा निघाली असती तरी तोवर मला वयाच्या अटीत बसता आलं नसतं. गेले काही आठवडे मी विषय काढला की श्रेणिक 'बघू' म्हणत होता. जेवताना बघू, आंघोळीला जाताना बघू. नाही असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते. 'बघू'शी कसं भांडायचं, ते मला तेव्हा येत नव्हतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की. उद्या क्लबाची मीटिंग आहे, घोरपडे साहेब येणार आहेत. ती एकदा उरकू दे. मग निवांत बसू."

"निवांत कधी?"

"बघू की गं."

कॉलनीच्या फाटकाशी बयाक्का वाट बघत उभी होती. बयाक्का म्हणजे चीफ इंजिनिअरची आई, आमची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडून तो डोळा गेला होता आणि दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. क्लबातल्या टीव्हीवर तिला नुसता उजेड हलताना दिसे. थेटरच्या पडद्यावर मात्र माणसं दिसत. म्हणून श्रेणिकनं 'कॅसेटचा' म्हटलेला प्रत्येक सिनेमा बयाक्काच्या बाबतीत कायमचा गेला.

"काय रं शेणिक, थेटरचा का?" तिनं जीपच्या दाराला हात लावून विचारलं.

"कॅसेटचा, बयाक्का. रडका हाय."

"रडंना का. तुला काय पदर पुरवाय लागतोय?"

"त्यापेक्षा परवा जुळ्या भावांचा बघा. तो बी बघून आलोय आज. मारामारी हाय, गाणी हायत, बर्फ हाय."

"बर्फ काय, सुनंच्या फ्रिजात बी हाय."

श्रेणिक हसत जीप लावायला गेला. बयाक्कानं माझा दंड धरला. "तू सांग. त्या बाईचं शेवटाला काय झालं?"

"बघितलं नाही. इंटरव्हलला उठलो."

"का? बरं नव्हतं व्हय कुणाला?"

"नेहमीच उठतो."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "माझा एक डोळा गेलाय तरी मी सगळा शिनेमा बघते. तुमी दोघं चार डोळं घिऊन जाताय आनि अर्धा बघताय? आनि त्यावर आमची बस?"

लॅबमध्ये कुणी अर्धा रिपोर्ट लिहिला तर मी तो सही न करता परत पाठवत असे. तीन उन्हाळे असल्याच अर्ध्या रिपोर्टांवर श्रेणिक क्लबात 'आम्ही दोघांनी बघितला' म्हणत आला होता आणि मी चहाचे कप मांडत आले होते.

शनिवारी सकाळी तो दाढी करत असताना मी सांगितलं, "मी बयाक्कांना घेऊन कोल्हापूरला जातेय. बाराचा खेळ."

"कुठला?"

"कालचाच."

"दुसऱ्यांदा?"

"पूर्ण बघायला पहिल्यांदा."

त्यानं आरशातूनच माझ्याकडे बघितलं. गालावर फेस होता, त्यामुळे चेहरा नीट कळला नाही. "जा की," तो म्हणाला. "पण पाचच्या आत ये. मीटिंगच्या चहाचं बघाय लागेल."

एसटीत बयाक्का वाटभर बोलत होती. सुनेच्या फ्रिजबद्दल, मुलाच्या पोटाबद्दल, नवरा जिवंत असताना तो तिला कसा तंबूतल्या सिनेमाला न्यायचा आणि आपण बाहेर विडी ओढत उभा राहायचा, त्याबद्दल. थेटरात आम्ही पुढच्या रांगेत बसलो. पहिला अर्धा भाग मला माहीत होता. भरलेलं घर, विनोदी आचारी, टोमणे मारणारी सासू. श्रेणिकचं चुकलं नव्हतं, तो भाग सुमार होता. बयाक्का आचाऱ्याला हसली आणि सासूला तिनं दोनदा मोठ्यानं शिवी दिली. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या.

इंटरव्हलनंतर ते घरच आलं नाही. नायिका निघून समुद्राकाठी मिठागरांवर कामाला जाते. पडदाभर पांढरं मीठ आणि त्यावर ती एकटी, काळ्या लुगड्यात, लांब दांडीचं फावडं ओढत. कितीतरी वेळ कुणी बोलत नाही. फक्त मिठावरून फावडं घासल्याचा आवाज. तो आवाज हॉलच्या दोन्ही बाजूंनी येत होता आणि अंगावर बारीक काटा येत होता.

बयाक्का गप्प झाली होती. मला वाटलं, झोपली. बघितलं तर ती पुढे वाकून बसली होती.

"दिसतंय गं," ती हळू म्हणाली. "पाय दिसत्यात तिचं. बोटं बी."

मला तेव्हा लक्षात आलं. पांढऱ्यावर काळं, तेही भिंतीएवढं. अधू नजरेला याहून सोपं चित्र नाही. हेच क्लबातल्या टीव्हीवर राखाडीवर राखाडी एक मुंगी दिसली असती आणि आवाज पंख्यात बुडाला असता. संपूर्ण सिनेमाचा जीव त्या भागात होता आणि तो भाग थेटराबाहेर टिकणारा नव्हता. ज्याला आम्ही कॅसेटचा ठरवलं, तो गेल्या तीन उन्हाळ्यांत मी अर्धे बघितलेल्या सगळ्या सिनेमांत सर्वांत थेटरचा होता. असे आणखी किती होते, ते कळायला आता मार्ग नव्हता.

सासू रडली नाही. फोटोही कुणी काढला नाही.

परतताना बयाक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. कॉलनीचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या सावंतिणीच्या आईला बी माझ्यासारखंच दिसतंय. तिला दावाय पायजे. तू बोल क्लबात."

"तुम्ही बोला."

"मी रडकीच. मला कोन इचारतंय? तू शिकलेली हाईस, तू बोल."

क्लबाच्या हॉलमध्ये बायका सतरंजीवर आणि साहेब मंडळी खुर्च्यांवर बसली होती. घोरपडे साहेब क्लबचे अध्यक्ष आणि प्रयोगशाळेत आमचे चीफ. सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. श्रेणिक उभा राहिला आणि त्यानं खिशातून पेन काढून हातात धरलं. तो नेहमी तसं करायचा आणि उसाच्या रसाचा रिपोर्ट वाचावा तसं सिनेमाबद्दल बोलायचा.

"तर मंडळी, ह्या आठवड्यात दोन नमुने आले. पहिला मिठागराचा. ब्रिक्स बरा आहे, पण प्युरिटी कमी. मळीच जास्त." साहेब मंडळी हसली. "ह्याची साखर होणार नाही. कॅसेटचा. दुसरा जुळ्या भावांचा. तो उद्याचा. आम्ही दोघांनी बघितलेत. मॅडमचंही हेच मत आहे."

चार बायका माझ्याकडे वळून हसल्या. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. कप एकमेकांवर आपटले.

"माझं मत मला कुणी विचारलेलं नाही," मी म्हणाले.

श्रेणिक अजून हसतच होता. "घ्या. घरचंच लॅबोरेटरीत आलं."

"मिठागराचा सिनेमा थेटरचा आहे. पहिला अर्धा भाग साधारण आहे. चांगला भाग इंटरव्हलनंतर आहे आणि तो लहान पडद्यावर दिसणार नाही. मी आज तो पूर्ण बघून आले."

"केमिस्ट बायको करू नये बघा," श्रेणिक खुर्च्यांकडे वळून म्हणाला. "सहीनंतर रिपोर्ट फिरवतीय." पुन्हा हशा झाला, पण थोडा कमी.

मागून सावंत वहिनींनी विचारलं, "श्रेणिकभावजी, तुम्ही पूर्ण बघितला का?"

"तेवढं बघायची गरज नसते हो, वहिनी. अनुभवानं कळतंय."

"मंजे बघितला न्हाई," बयाक्का म्हणाली. "ह्यानं एक बी बघितला न्हाई. इचारा त्याला, मागल्या वरसाच्या त्या पुलिसाच्या शिनेमाचा शेवट काय. त्यात तर आमची पोरं भ्यालीती आनि बस अर्ध्यातनं परत आनलीती."

हॉलमध्ये बायका एकमेकींत बोलू लागल्या. कुणाला तो रविवार आठवत होता. श्रेणिकनं पेन खिशात ठेवलं. घोरपडे साहेबांनी हात वर केला.

"ज्यांनी पूर्ण बघितलाय, त्यांचा रिपोर्ट धरू," ते म्हणाले. "उद्या बस मिठागराला."

एवढंच झालं असतं तर ती एक हसण्यावारी नेण्यासारखी संध्याकाळ ठरली असती. श्रेणिकनं घरी जाऊन दोन दिवस अबोला धरला असता आणि नंतर हीच गोष्ट रंगवून लोकांना सांगितली असती. मी चहा देत निघाले. श्रेणिक साहेबांच्या शेजारी बसला होता, हात खुर्चीच्या पाठीवर टाकून. साहेबांनी कप घेतला.

"मॅडम, हे बरं केलंत. अशी अचूक माणसं आम्हाला इथे हवीतच. म्हणून तर तुम्ही पुण्याला नको म्हणालात, त्याचा मला आनंद झाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुणाला नको म्हणाले?"

"श्रेणिक म्हणाले ना. गेल्या महिन्यातच. मी पुढच्या सीझनच्या ड्यूट्या तशा लावूनही टाकल्या." त्यांनी बशीत चहा ओतला. "तिथले डायरेक्टर माझ्या बॅचचे. मी उद्या सकाळी पुण्याला निघालोय, त्यांच्याकडेच उतरणार आहे. म्हटलं, निरोप देतो. तुम्हाला सोमवारी फोनसाठी पोस्टात ताटकळायला नको."

मी श्रेणिककडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवरचा हात त्यानं खाली घेतला होता.

गेला महिनाभर तो 'बघू' म्हणत होता. जेवताना, आंघोळीला जाताना, काल जीपमध्ये. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं माझ्या तोंडून 'नाही' वदवून घेतलं नव्हतं, माझ्या वतीनं ते देऊन टाकलं होतं, साहेबांना आवडेल अशा आवाजात, बहुधा चहा पितानाच. आणि सोमवार उलटून जाईपर्यंत मला 'बघू'वर ठेवलं होतं. मला इतका राग आयुष्यात त्याआधी आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही. तो अजूनही आहे. लोक सांगतात की काळानं कमी होतो. माझा झालेला नाही आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही.

"तुम्ही असं सांगितलंत?" मी विचारलं.

"हळू बोल," श्रेणिक म्हणाला. "घरी बोलू आपण."

"सांगितलंत का?"

"अगं, तुझं मत मला माहीत नाही काय? तीन वर्षं ओळखतोय तुला. तिकडे गेली असतीस आणि चार महिन्यांत कंटाळून परत आली असतीस. मी आपलं तुझा त्रास वाचवला." तो साहेबांकडे बघून हसला. "जरा दमल्यात आज. उन्हातनं आल्यात."

साहेबांनी बशी खाली ठेवली. ते माझ्याकडे आणि श्रेणिककडे आळीपाळीनं बघत होते. मागच्या बाजूला कुणीतरी एका पोराला गप्प केलं. माझ्या हातात रिकामा ट्रे होता. तो कुठे ठेवावा ते मला सुचेना, म्हणून मी तो श्रेणिकच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो धरला.

"सुनीती," तो म्हणाला, "आपण ह्याच्यावर नंतर बघू."

मी त्याच्याकडे पाठ केली.

"साहेब," मी म्हणाले, "तुमच्यापर्यंत आलेला निरोप माझा नाही. उद्या डायरेक्टरांना भेटाल तेव्हा माझा निरोप सांगा. मी येतेय. पंधरा जूनला रुजू होते."